मुका कॅमेरा आणि शेवंताचा कान

वाघाचे फोटो बघायची हौस असलेल्यांनी हे वाचायच्या फंदात पडू नये. वाघ आहे, पण मोजून दोन प्रसंगांपुरता. बाकी सगळं माझ्या मूर्खपणाबद्दल आहे, आणि त्या मूर्खपणाला हातभार लावणाऱ्या एका महागड्या यंत्राबद्दल. मी साताऱ्याला वकिली करते. दुसऱ्याचा मूर्खपणा चारचौघांत उघडा पाडायचा मला चांगला सराव आहे. स्वतःचा लिहायला बसले तेव्हा तीन दिवस नुसता चहा पीत बसले होते. जंगलाचं नाव मी लिहीत नाही. यवतमाळ जिल्ह्यात, केळापूर तालुक्यात आहे, एवढं पुरे. तिथल्या माणसांच्या मागे उगाच कुणी लागायला नको. मी लागले तेवढं बास झालं.

सुरुवात खांद्यापासून करायला हवी. माझा जुना कॅमेरा आणि त्याची लांबलचक लेन्स मिळून असं वजन होतं की ते दोन्ही हातांत धरून उभं राहणं म्हणजे शेजारणीचं झोपलेलं पोर सांभाळणं. बारा वर्षं सांभाळलं. मग उजवा खांदा असा आखडला की वेणी घालता येईना. डॉक्टर म्हणाले, "एक तर कॅमेरा ठेवा नाही तर हात ठेवा." हात कोर्टात लागतो, म्हणून कॅमेरा कपाटात गेला.

इथे भालेरावांचा प्रवेश होतो. भालेराव आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, आणि बाजारात नवा कॅमेरा आला की त्यांना आधी ताप येतो आणि मग तो कॅमेरा येतो. सहा वर्षं ते माझ्या मागे लागले होते. "वकीलबाई, आरसा गेला आता. मिररलेस घ्या." मी सहा वर्षं त्यांना हसत होते. जुन्या कॅमेऱ्यात एक आरसा असतो. बटण दाबलं की तो उडतो, खटाक् असा आवाज येतो, आणि आपण काहीतरी केलं असं वाटतं. या नव्या कॅमेऱ्यात आरसाच नाही. समोरचं दृश्य आत एका चिमुकल्या पडद्यावर उमटतं आणि आपण त्याला डोळा लावून बसायचं. म्हणजे टीव्हीच की! वाघ बघायला आठशे किलोमीटर जायचं आणि तिथे जाऊन डोळ्याला टीव्ही लावायचा, ही अक्कल मला कधी पटली नाही.

पण खांद्यापुढे अक्कल काय करणार? घेतला. हलका आहे, हे मान्य करते. बाकी त्याचा आगाऊपणा विचारू नका. प्राण्याचा डोळा तो स्वतःच शोधतो आणि त्याला हिरवा चौकोन लावतो. घरी आणल्या दिवशी त्याने भालेरावांच्या शर्टाच्या बटणाला चौकोन लावला आणि हलायला तयार होईना. सेकंदाला वीस फोटो काढतो. बॅटरी अशी पितो की चार खिशांत चार घेऊन फिरावं लागतं. आणि भालेराव या सगळ्याचं असं कौतुक करतात की जणू त्यांच्या मुलीने कलेक्टरची परीक्षा पास केलीय.

पांढरकवडा

गाडीतले हाल सांगत बसत नाही. लांबचा प्रवास सगळ्यांचा सारखाच वाईट असतो. पांढरकवड्याला पोहोचलो ती पौषातली सकाळ होती आणि थंडी अशी की भालेराव दहा मिनिटं कॅमेऱ्याबद्दल बोलले नाहीत. स्टँडजवळ तर्री-पोहे खाल्ले. आम्ही सातारकर आमच्या झणझणीत रश्श्याची बढाई मारत फिरतो. त्या तर्रीचा पहिला घास पोटात गेला आणि माझी बढाई तिथेच संपली. भालेरावांनी दही मागितलं. गाड्यावरच्या बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मी दुसऱ्या टेबलावर जाऊन बसावं का, असा विचार माझ्या मनात आला.

आम्ही उतरलो होतो जंगलाजवळच्या एका घरात. घरच्या वहिनी तुरीच्या ओल्या दाण्यांची आणि वांग्यांची भाजी करायच्या. तिला तिकडे सोले-वांगी म्हणतात. आमच्याकडे तुरीची फक्त डाळ होते, हा आमच्याकडचा मोठा दोष आहे हे मला साठीला टेकल्यावर कळलं.

त्या दिवशी दुपारच्या फेरीला आमच्या जिप्सीवर गाईड म्हणून शेवंता राठोड आल्या आणि चालवायला मारोतीभाऊ आत्राम. शेवंताबाई चाळिशीच्या आतबाहेर, तांड्यावरच्या, हातभर गोंदलेल्या; खाकी शर्ट, डोक्यावर खाकी टोपी. मी दोन वर्षांपूर्वी आले होते तेव्हाही त्याच होत्या, पण मी त्यांना ओळखलं नाही. त्यांनी मला ओळखलं, आणि तेही चेहऱ्यावरून नाही. एका नीलगाईचे मी चार-पाच फोटो काढले तेव्हा त्या पुढे बघतच म्हणाल्या, "मॅडम, मांगच्या टायमाले तुमचा खडाक-खडाक मोठा होता. यंदा लय बारीक झाला."

"नवा घेतलाय," मी म्हटलं.

"बरा आहे. पण आवाज पुरला पायजे."

"पुरायला तो काय वरातीतला बँड आहे?" मी म्हटलं, आणि भालेराव हसले. 

त्या फेरीत एक गोष्ट मला फार आवडली होती. माझं बटणावरचं बोट उठलं की गाडी निघायची. मी काढतेय तोवर इंजिन बंद, हालचाल नाही, कुणी शिंकतसुद्धा नाही. माझं झालं की हळूच गाडी पुढे. कुणी मागे वळून "झालं का?" विचारायचं नाही. मला वाटलं, माझ्यासारख्या अनुभवी माणसाचं मन या लोकांना आपोआप कळतं. वाटण्यात आम्ही वकील कधी कमी पडत नाही.

परत आल्यावर तिन्हीसांजेला अंगणात बसलो तेव्हा भालेरावांनी माझा कॅमेरा हातात घेतला. "अहो, हा आवाज कसला येऊ देताय? एवढे पैसे घातलेत ते कशाला? याला मुका करता येतो." आणि त्यांनी कुठल्या तरी यादीतल्या कुठल्या तरी यादीत जाऊन तो मुका केला. बटण दाबलं. काही नाही. डासाच्या पंखाएवढाही आवाज नाही. "वाघाच्या कानाशी नेऊन काढा, त्याला पत्ता लागणार नाही," ते म्हणाले. मीही मान डोलावली. जिला सहा वर्षं नावं ठेवली त्या गोष्टीला आता मीच लाडाने कुरवाळत होते.

पाणवठा

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा शेवंताबाई आणि मारोतीभाऊच होते. धुकं उठत होतं. पाणवठ्याच्या वळणावर शेवंताबाईंनी नुसता हात वर केला आणि गाडी थांबली. पलीकडच्या काठावर वाघीण पाणी पीत होती.

आता जे सांगते त्याच्याकडे नीट लक्ष द्या. वाघीण दिसल्यावर मी आणि भालेराव तिच्याकडे वळलो. शेवंताबाईंनी मात्र तिच्याकडे पाठ केली आणि अलीकडच्या गवतात बघत बसल्या. मारोतीभाऊ समोरच्या वाटेकडे. वाघिणीकडे आणि आमच्याकडे कुणाचंच लक्ष नाही. मला वाटलं, रोजचंच आहे यांना, कंटाळले असतील.

वाघिणीने मान वर केली. मागच्या करवंदीच्या जाळीतून एक पिल्लू आलं, मग दुसरं. पहिलं आईच्या तोंडाला तोंड लावायला पुढे झालं. माझं बोट बटणावर होतं, हिरवा चौकोन तिच्या डोळ्यावर होता, कॅमेरा मुकाट्याने भराभर फोटो गिळत होता, आणि पिल्लाचं नाक आईच्या नाकाला टेकणार, एवढ्यात आमची गाडी चालू झाली आणि दहा फूट पुढे गेली.

आई आणि पिल्लं क्षणात नाहीशी. पाण्यावर फक्त वर्तुळं राहिली.

मी ओरडले. जंगलात ओरडू नये हे मला माहीत आहे, तरी ओरडले. बारा वर्षं ज्या फोटोसाठी खांदा मोडून घेतला तो समोर आला होता आणि या बाईने गाडी हलवायला खूण केली होती! शेवंताबाई वळून म्हणाल्या, "मॅडम, मी तं तुमच्यासाठीच..." मी म्हटलं, "एक शब्द बोलू नका. गेटवर बोलू."

गेटवर सकाळच्या सगळ्या गाड्या परतल्या होत्या. बारा जिप्स्या, गाईड, ड्रायव्हर, पर्यटक, चहाची टपरी. मी उतरले आणि थेट गेटवरच्या वनखात्याच्या साहेबांकडे गेले. साहेब सभ्य माणूस, म्हणाले, "बसा मॅडम, पाणी घ्या." मी पाणी घेतलं नाही. मी शेवंताबाईंना समोर उभं केलं. रागात 'तुम्ही'चं 'तू' झालं ते मला कळलंही नाही.

"गाडी पुढे घ्यायची खूण तू केलीस?"

"हो मॅडम. तुमचा कॅमेरा बंद होता. म्हंतलं, झाडी आडवी येऊन राह्यली असन, म्हणून जराक..."

"थांब. कॅमेरा बंद होता, असं तुझं म्हणणं आहे. हो की नाही?"

"मॅडम, मी सांगतो काहून..."

"हो की नाही?"

"हो."

हाच तो क्षण, जो कोर्टात आला की माझ्या अंगावर मूठभर मांस चढतं. मी कॅमेऱ्याचा पडदा साहेबांपुढे धरला आणि एकेक फोटो सरकवत नेला. वाघीण पाणी पितेय. वाघीण वर बघतेय. एक पिल्लू. दोन पिल्लं. आणि शेवटी नुसतं गवत. फोटोंचा नुसता ढीग. "हे बंद कॅमेऱ्याने काढलेत काय?" मी विचारलं. भालेरावांनीही आपला पडदा पुढे केला, अगदी साक्षीदारासारखा.

शेवंताबाई त्या पडद्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्याची लाज नव्हती. समजत नसल्याचं भांबावलेपण होतं. ते मला दिसलं होतं. दिसूनही मी "खोटं बोलायला लाज कशी वाटत नाही?" असं बारा गाड्यांसमोर म्हटलं.

साहेबांनी लेखी मागितलं. मी झकास अक्षरात लिहून दिलं: गाईडने हलगर्जी केली व विचारले असता धडधडीत खोटे सांगितले. साहेब म्हणाले, चौकशी होईपर्यंत यांची गाईडची पाळी थांबवतो. शेवंताबाईंनी गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं, टोपी काढून हातात घेतली, आणि पायीच रस्त्याला लागल्या. बाकीचे गाईड आपापल्या बुटांकडे बघत होते. मी मात्र त्या दिवशी सोले-वांग्यांवर दोन भाकरी चढवल्या.

त्याच दिवशी, दुपारी

दुपारी मारोतीभाऊच होते, गाईड दुसरे. गोविंदराव नावाचे म्हातारे गृहस्थ.  सागाच्या रानात एक अस्वल दिसलं, वारूळ उकरत बसलेलं. अस्वल दिवसाउजेडी दिसणं म्हणजे चैन. मी कॅमेरा लावला आणि बटण दाबून धरलं. गोविंदराव दुसऱ्या बाजूच्या गवतात बघत होते. थोडा वेळ गेला. आणि गोविंदरावांनी हात हलवला, आणि गाडी पुढे सरकली!

"अहो, तुम्हीसुद्धा?" मी किंचाळले.

मारोतीभाऊंनी इंजिन बंद केलं, किल्ली काढून हातात घेतली आणि पहिल्यांदाच पूर्ण वळून माझ्याकडे पाहिलं. वयाने माझ्याएवढेच असतील. "मॅडम, तुमी आवाज काहून नाई काढत? सकाळी बी नाई काढला."

"कसला आवाज?"

"कॅमेऱ्याचा. आमी कानानं गाडी चालवतो ना बाप्पा."

मग त्यांनी सांगितलं ते असं. वाघ दिसला की पर्यटक वाघाकडे बघतात. गाईड उलट्या बाजूला बघते, कारण पिल्लं असली तर एखादं मागे राहिलेलं असतं, आणि आई आणि पिल्लू यांच्या मध्ये गाडी सापडली तर काय होईल ते सांगायला नको. ड्रायव्हर वाट बघतो. मागे बसलेल्यांकडे कुणीच बघत नाही. बघितलेलं लोकांना आवडतही नाही. ऐन वेळी "झालं का" विचारलं तर अंगावर येतात. म्हणून सगळा हिशेब कानावर. खटखट चालू तोवर गाडी गप्प. खटखट थांबली की काम झालं. आणि वाघ समोर असून खटखट सुरूच झाली नाही, तर मागच्या माणसाला झाडी आडवी येतेय. गाडी हळूच पुढे घ्यायची.

"ती तं तुमच्यासाठीच पुढं घेत होती मॅडम," मारोतीभाऊ म्हणाले. "तिले वाटलं तुमाले दिसून नाई राह्यलं."

तोंडात मारल्यासारखं झालं. "आवाज पुरला पायजे," असं ती बाई आदल्या दिवशी सांगत होती आणि मी वरातीतला बँड काढला होता.

"इतर लोकांकडेही असे कॅमेरे असतील की," भालेराव म्हणाले.

"असतीन. पण गाडीत एक तरी खटखट्या असतेच साहेब. तुमी दोघं बी मुके निंगाले."

"टेक्नॉलॉजी पुढे जाते तसं यांनीही जुळवून घ्यायला हवं," भालेराव माझ्या कानात म्हणाले. मी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ते लेन्स पुसायला लागले. मग मी मारोतीभाऊंना विचारलं, आणि आवाजात थोडा वकिली तोरा शिल्लक होताच, "मग सकाळी गेटवर हे सांगितलं का नाही?"

"तुमी बोलू देल्लं कोनाले?" मारोतीभाऊ म्हणाले, आणि किल्ली लावून गाडी चालू केली.

मुकुटबनच्या वाटेवर

तिसऱ्या दिवशी सकाळची फेरी सोडली. भालेरावांना सोडवेना, ते एकटे गेले. मी मारोतीभाऊंच्या पुतण्याची जीप ठरवली आणि मारोतीभाऊंना बरोबर घेतलं, कारण शेवंताबाई माहेरी गेल्या होत्या, मुकुटबनच्या वाटेवरच्या एका तांड्यावर. कापसाची वेचणी चालू होती. पाळी नाही तर नुसतं बसून काय करायचं, म्हणून भावाच्या शेतात गेल्या होत्या.

वाट सुरेख होती, पण मला त्या दिवशी सुरेख काही दिसत नव्हतं. दोन्हीकडे काळी जमीन, फुटलेला कापूस, शेंगांनी वाकलेली तूर, मध्येच सागाचा पट्टा. वाटभर मी मनात शब्द जुळवत होते. तक्रार मागे घेत असल्याचा अर्ज मी रात्रीच लिहून ठेवला होता. नीटनेटका, अर्ध्या पानाचा. 'गैरसमजातून' असा एक गुळगुळीत शब्दही त्यात घातला होता. तो शब्द आम्ही वकील चूक कबूल न करता माघार घेण्यासाठी वापरतो.

तांड्यावर त्यांची आई दारात बसली होती. कोण, कुठून, काही न विचारता "आव बाई, बेस," म्हणाली आणि कोरा चहा पुढे केला. आमच्याकडे अनोळखी माणसाला आधी "कोण पाहिजे?" विचारतात आणि चहाचं मग बघतात. मी कोण ते तिला माहीत असतं तरी तिने चहा दिला असता का, हा प्रश्न मी चहाबरोबर गिळून टाकला.

शेवंताबाई शेतात होत्या. कमरेला ओटी बांधलेली, दोन्ही हात बोंडांवर चाललेले. मला पाहून त्या थांबल्या नाहीत. मी कापसाच्या ओळींमधल्या तासातून अडखळत त्यांच्यामागून चालत राहिले. साडीला काटक्या अडकत होत्या. चुकलं म्हणाले. कॅमेरा मुका होता, मला माहीत नव्हतं तुम्ही आवाजावर चालता, म्हणाले. अर्ज काढून पुढे केला.

त्यांनी अर्ज घेतला नाही. "कागदानं काय होते मॅडम? कागद साहेबाच्या कपाटात जाईन. खोटी तं मी गेटवर झाली."

"पाळी परत सुरू होईल ना पण."

"पाळीचं नंतर. पाळी काय, आज नाई तं उद्या भेटन." बोटं चालूच होती. "अकरा वर्सं झाले मले त्या गेटवर. वाघ दिसला नाई तं नाई म्हंतो, दिसला तं दिसला म्हंतो. बाकीचे म्हंतेत, गिऱ्हाइकाले जराक गोड बोलाव, आता इथंच होता म्हणाव. मी नाई म्हणत. म्हणून लोक माह्यी गाडी मांगतेत. आन तुमी मले तथीच खोटी म्हंतलं. माह्यी पोरगी दहावीत आहे. तिच्या मैतरणीचा बाप तथी चहा पेऊन राह्यला होता."

 साताऱ्याच्या कोर्टात माझी बोलती बंद करणारा अजून जन्माला यायचाय, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगत असते.

"काय करू मग?" मी विचारलं.

"जथी म्हंतलं तथीच म्हणा. गेटवर, सकाळी, गाड्या लागल्यावर." त्या पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलल्या. "मी येईन. पण मी बोलणार नाई. मांगं बोलाले गेली तं तुमी हो का नाई एवढंच म्हणाले लावलं."

अर्ज मी परतताना फाडला. रस्त्याकडेला टाकायलाही लाज वाटली म्हणून पर्समध्ये ठेवला. तो अजून तिथेच आहे.

गेट

चौथ्या दिवशी पहाट फुटताना बारा गाड्या रांगेत लागल्या होत्या. शेवंताबाई टपरीच्या खांबाला टेकून उभ्या होत्या, बिनटोपीच्या. मी कॅमेऱ्याचा पट्टा तीनदा गळ्यात घातला आणि तीनदा काढला. पंचवीस-तीस वर्षांत न्यायाधीशापुढे उभं राहताना असं कधी केलं नव्हतं.

मी साहेबांना म्हटलं, "साहेब, तुमचा एक फोटो काढते. इथे, सगळ्यांसमोर उभे राहाल?"

साहेबांना नवल वाटलं, पण फोटोला नाही कोण म्हणतं? त्यांनी टोपी सारखी केली, पोट आत घेतलं, उभे राहिले. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटण दाबून धरलं. गेट शांत. साहेब उभे. पोट हळूहळू बाहेर यायला लागलं.

"काढा ना मॅडम."

मी धरूनच ठेवलं.

"काढा लवकर, गाड्या सोडायच्या आहेत."

मी कॅमेरा खाली घेतला. "साहेब, मी तुमचा फोटो काढला का? हो की नाही, एवढंच सांगा."

"नाही काढला," साहेब म्हणाले.

मी पडदा त्यांच्यापुढे धरला आणि सरकवत गेले. टोपी सारखी करणारे साहेब. पोट आत घेतलेले साहेब. पोट बाहेर आलेले साहेब. 'काढा ना' म्हणताना तोंड उघडं असलेले साहेब, दहा-बारा वेळा. गाईड मंडळी गोळा झाली, कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळेच हसले, साहेबसुद्धा.

"तर मग साहेब खोटं बोलले काय?" मी मोठ्याने विचारलं. हसणं थांबलं. "नाही. साहेबांनी कानावर विश्वास ठेवला. परवा शेवंताबाईंनी तेच केलं, आणि तेही माझ्यासाठी. त्या खरं सांगत होत्या. मी त्यांना पुरतं बोलू दिलं नाही. खोटी ठरवलं, आणि ते लिहूनही दिलं. ते माझं लिहिणं खोटं आहे. शेवंताबाई, माझं चुकलं."

'गैरसमजातून' हा शब्द मी वापरला नाही.

साहेबांनी ड्रॉवरमधून ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. शेवंताबाई आल्या, त्यांनी ते गळ्यात घातलं, टोपी चढवली, आणि गाईडांच्या वहीत आपली पाळी पाहिली. मला वाटलं होतं काहीतरी बोलतील. त्या म्हणाल्या, "चला, उशीर होऊन राह्यला."

नशिबाने म्हणा किंवा मारोतीभाऊंनी जमवून आणलं म्हणा, त्यांच्या वाट्याला आलेली गाडी आमचीच होती. निघताना भालेराव म्हणाले, "काळजी नको, याला खोटा आवाजही लावता येतो." म्हणजे बघा, आधी पैसे मोजून आवाज घालवायचा आणि मग यंत्राकडून आवाजाची नक्कल करवून घ्यायची! ते यादीमागून यादी उघडत गेले. पहिला नाला आला, दुसरा आला, आवाज काही सापडेना. शेवटी शेवंताबाई म्हणाल्या, "मॅडम, तोंडानं म्हणा."

आणि मी म्हणाले. लाखोंच्या घरातला कॅमेरा डोळ्याला लावून, साताऱ्यातली एक नावाजलेली वकील, चितळांपुढे, मोरापुढे, एका निवांत नीलगाईपुढे हलक्या आवाजात "खट, खट, खट" म्हणत होती. गाडी अगदी वेळेवर थांबत होती आणि वेळेवर निघत होती. भालेराव दुसरीकडे बघत होते.

पाणवठ्याच्या वळणावर शेवंताबाईंचा हात वर गेला. वाघीण होती, त्याच काठावर. दोन्ही पिल्लं तिच्या अंगावर लोळत होती. मी कॅमेरा उचलला आणि पडदा काळा. बॅटरी संपली होती. साहेबांचं पोट टिपण्यात निम्मी गेली असावी. उरलेल्या बॅटऱ्या मुक्कामाच्या घरी, चार्जरला. भालेरावांच्या माझ्या कॅमेऱ्याला चालत नाहीत, आणि त्यांचा स्वतःचा अजून एका पिल्लाच्या डोळ्यावरून दुसऱ्याच्या डोळ्यावर उड्या मारत होता.

मी कॅमेरा मांडीवर ठेवला. आणि म्हणत राहिले, "खट... खट... खट..."

पिल्लाने आईच्या नाकाला नाक लावलं. तिने ते चाटून काढलं. दुसऱ्याने तिच्या शेपटीवर उडी घेतली, उडी चुकली, ते पाण्यात पडलं, भिजून वर आलं. आई आमच्याकडे एकदा बघून परत डोळे मिटून बसली. हिरवा चौकोन नाही, टीव्ही नाही. किती वेळ गेला माहीत नाही. ती आपण होऊन उठली, पिल्लांना घेऊन जाळीत शिरली, तेव्हाच मी गप्प झाले, आणि तेव्हाच गाडी हलली.

गेटवर उतरताना शेवंताबाईंनी मला हात दिला, आखडलेल्या खांद्याच्या बाजूने. मग हळूच म्हणाल्या, "मॅडम, कॅमेरा बंद होता ना?"

हो की नाही, एवढंच उत्तर होतं.

"हो," मी म्हटलं. "कसं कळलं?"

"फोटू काढणारं मानूस इतकं सावकाश खट म्हणत नाई."

"मग गाडी का नाही हलवलीत?"

"कायले हलवू?" शेवंताबाई म्हणाल्या. "तुमी पाहून राह्यल्या होत्या."